ऊस कोणत्या कपाटात?

समजा, तुम्ही कोपरगावातील एखाद्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून नुकतेच रुजू झाला आहात. तालुक्यात कोळपेवाडी, सहजानंदनगर येथे साखर कारखाने आहेत, तेव्हा वाचकांचे बरेचसे प्रश्न उसाभोवती फिरणार. पहिला वाचक शेतकरी. त्याला आडसाली लागणीची माहिती हवी आहे. दुसरी शाळेतील मुलगी. साखर कशी तयार होते यावर तिला प्रकल्प लिहायचा आहे. तिसरा कारखान्याच्या प्रयोगशाळेत नव्याने लागलेला तरुण. तो विचारतो, "रसाचा 'पोल' काढतात, तो कसा आणि का?" तिघांनाही एकाच कपाटाकडे पाठवून चालेल काय?

चालणार नाही. मेल्व्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडलेले असून प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा असे भाग होत जातात. विज्ञानाला ५००, उपयोजित शास्त्रांना ६००. उसाची शेती ६३३.६१ मध्ये येते, तर साखरेचे उत्पादन ६६४.१ मध्ये. म्हणजे शेतकरी आणि शाळकरी मुलगी दोन वेगवेगळ्या फळ्यांकडे गेली.

आता तिसरा वाचक. त्याच्या प्रश्नात ऊस असला तरी उत्तर प्रकाशात आहे! साध्या प्रकाशात कंपने सर्व दिशांना होत असतात. ध्रुवित प्रकाशात ती एकाच पातळीत होतात. असा प्रकाश साखरेच्या द्रावणातून जाऊ दिला की ही पातळी उजवीकडे वळते. १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर असेल आणि नळी २० सेंटिमीटर लांब असेल, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची पातळी सुमारे ३४.६ अंश वळते. साखर निम्मी केली तर कोनही निम्मा होतो. तेव्हा कोन मोजा, साखर कळेल. (रसात थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते आणि तेही प्रकाशाची पातळी वळवतात. म्हणून पोल म्हणजे नेमकी साखर नव्हे, साखरेचा कामापुरता अंदाज.) या तरुणाला हवे असलेले पुस्तक ५३५ म्हणजे प्रकाश, आणि त्यातही ५३५.५२ म्हणजे ध्रुवण, येथे मिळेल. ज्या ग्रंथपालाला ध्रुवण ठाऊक नाही, तो त्याला साखरेच्या कपाटापाशीच उभा करील.

हे सांगण्याचे कारण असे की, 'दुसरे काही जमले नाही तर ग्रंथपाल व्हावे' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मला हे पटत नाही. गंमत म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक! १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच कंटाळून पुन्हा शिकवायला जाऊ द्या म्हणू लागले. 'आधी लंडनला जाऊन प्रशिक्षण घ्या, तरीही नको वाटले तर परत या' अशी त्यांची समजूत घालण्यात आली. लंडनमधील एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. पण जोडणी बदलली की वेगळी वस्तू तयार! विषयही असेच जोडता येतील, हे त्यांच्या मनात आले. 'महाराष्ट्रातील उसावरील रोगांचे नियंत्रण' या विषयात पीक, रोग, उपाय आणि स्थळ असे निरनिराळे सुटे भाग आहेत. प्रत्येकाला चिन्ह द्यायचे आणि ती चिन्हे जोडायची. या विचारातून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. शिकवायला परत जाण्याचा विषय मग निघालाच नाही.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात त्याच्याही आधीची आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला बडोद्यास आणले आणि पुढच्याच वर्षी तेथे प्रशिक्षणवर्ग निघाला.

आज या व्यवसायात शिरायचे कसे? दहावीनंतर ग्रंथपालनाचा काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग करता येतो. छोट्या सार्वजनिक वाचनालयाच्या कामासाठी तो उपयोगी पडतो. मात्र पहिली पसंती आधी पदवी, तीही शक्यतो विज्ञानाची, आणि मग ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी यांना द्यावी. पुणे विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. घरापासून दूर राहणे परवडत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. महाविद्यालयात ग्रंथपाल होण्यासाठी या विषयात किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी लागते आणि नेट किंवा सेट परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. पीएच.डी. झालेल्यांना ठरावीक अटींवर या परीक्षेतून सूट मिळते. जाहिरातीत पदाचे नाव नीट वाचा. ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल आणि ग्रंथालय परिचर ही तीन वेगळी पदे असून त्यांची पात्रता आणि वेतनही वेगळे असते.

एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्यान्वये अ, ब, क, ड वर्गांनुसार शासकीय अनुदान मिळते, पण लहान वाचनालयातील मानधनावर संसार चालणे कठीण आहे. महाविद्यालयांतील जागाही मोजक्या आणि भरती रेंगाळणारी. म्हणून तालुक्याबाहेर पाहण्याची तयारी हवी. अभियांत्रिकी महाविद्यालये, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संशोधनसंस्था, मोठे कारखाने यांच्या ग्रंथालयांत विज्ञान समजणारा माणूस लागतो. संगणकाची भीती मात्र नको. 'कोहा' ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली विनामूल्य मिळते. घरच्या संगणकावर ती बसवून शंभर पुस्तकांची नोंद करून पाहिलेली असेल, तर मुलाखतीत सांगायला काहीतरी स्वतःचे असते.

आता एक प्रयोग. शाळेच्या ग्रंथालयातून कोणतीही दहा पुस्तके घ्या, पाठीवरचे क्रमांक झाका आणि प्रत्येक पुस्तक कोणत्या वर्गात बसेल ते स्वतः ठरवा. मग क्रमांक उघडून ताडून पाहा. इंद्रधनुष्यावरचे पुस्तक हाती आले तर ते प्रकाशात, म्हणजे ५३५ मध्ये ठेवाल, की हवामानशास्त्रात, ५५१.५ मध्ये? उत्तर ठरले की तुमच्या ग्रंथपालांशी त्यावर खुशाल वाद घाला.