रामबाण औषधांचे दावे आणि गावाची जबाबदारी

वजनदार व्यक्तीच्या शब्दावर रोगी सहज विश्वास ठेवतो. म्हणूनच अशा व्यक्तीचा खोटा दावा अधिक घातक ठरतो. जून २०२० मध्ये ‘कोरोनिल’ने कोरोना सात दिवसांत बरा होतो, असा दावा योगगुरू रामदेव यांनी केला. केंद्रीय आयुष मंत्रालयाने ती जाहिरात थांबविण्यास सांगितले. पुढे पतंजलीच्या औषधांच्या जाहिरातींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये त्यांना वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. परंतु दाव्यावर विसंबून रोग्याने गमावलेला वेळ माफीने परत मिळत नाही.

भंडारा जिल्ह्यात हा वेळ मोलाचा आहे. धानाच्या बांधीत विषारी साप चावल्यास प्रतिसर्पविष हाच उपाय होय. सिकलसेलच्या रुग्णास नियमित तपासणी व औषधोपचार लागतात. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

सरपंच, शिक्षक व ग्रामसेवक यांच्याही शब्दाला गावात वजन असते. ते वजन मांत्रिकाच्या दाराकडे नव्हे, तर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वळवावे, हीच खरी लोकसेवा होय.