शीतप्रदेशातील माता, नवजात शिशू आणि ‘ड’ जीवनसत्त्व

परदेशस्थ लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या माता प्रस्थानापूर्वी आपल्याकडे येतात. डिंक, अळीव, शतावरी कल्प, अभ्यंगासाठी तिळाचे तेल अशी त्यांची यादी ठरलेली असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका आजींचा कॅनडातील एडमंटन शहरातून डिसेंबर महिन्यात दूरध्वनी आला. “डॉक्टर, इथे बाळाला रोज ड जीवनसत्त्वाचा थेंब द्यायला सांगितला आहे. आपण तेल लावतो, खिडकीपाशी उन्हात निजवतो, मग हे कशाला?” मी म्हणालो, “आवश्यकता नाही.” सहाव्या महिन्याच्या तपासणीत थेंब बंद असल्याचे तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले. रक्त तपासता माता व बालक दोघांतही ड जीवनसत्त्व न्यून आढळले. थेंब पुन्हा सुरू झाले, सुदैवाने अस्थिविकृती झाली नव्हती. माझे उत्तर कोठे चुकले, हे शोधताना जे वाचनात आले ते येथे मांडतो.

एडमंटन सुमारे ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला तेथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो. मुंबईत त्या दिवशी तो ४७ अंशांवर असतो. त्वचेत ड जीवनसत्त्व निर्माण करणारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे किरण अशा तिरप्या मार्गात वातावरणातच शोषले जातात. वेब, क्लाइन व हॉलिक यांनी १९८८ मध्ये दाखविले की बोस्टन येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि एडमंटन येथे ऑक्टोबर ते मार्च या काळात त्वचेत ही निर्मिती होतच नाही. त्यातून खिडकीची काच हे किरण अडविते. म्हणजे आजींचे ते ऊन केवळ उबेपुरते होते. (आपल्याकडील ‘कोवळ्या उन्हा’च्या सल्ल्यालाही हाच आक्षेप लागू पडतो, कारण प्रातःकाळी सूर्य येथेही तिरपाच असतो.) सावळ्या त्वचेस तर अधिक काळ ऊन लागते.

गर्भाचा साठा सर्वस्वी मातेवर अवलंबून असतो. नाळेतील रक्तात या जीवनसत्त्वाचे प्रमाण सामान्यतः मातेच्या ६० ते ८० टक्के असते आणि दोन-तीन आठवड्यांत ते निम्म्यावर येते. स्तन्य सर्व दृष्टींनी श्रेष्ठ असले तरी या एका बाबतीत तोकडे पडते. बालकाची गरज रोज ४०० आय.यू., तर मातेने विशेष मात्रा घेतली नसेल तर स्तन्यातून त्याचा अल्पांशच मिळतो. कॅनडात जुलै २००२ ते जून २००४ या दोन वर्षांत मुडदुसाचे १०४ रुग्ण निश्चित झाले. त्यांतील बहुतेक स्तन्यपायी व सावळ्या वर्णाची मुले होती.

काश्यपसंहितेतील फक्क रोगाचे क्षीरज, गर्भज व व्याधिज हे तीन प्रकार आपण सर्वांनी अभ्यासिले आहेत. फक्क म्हणजेच मुडदूस, असे समीकरण मी मांडणार नाही. तथापि बालकाच्या अस्थिबलाचे मूळ गर्भावस्थेत व स्तन्यात शोधण्याची दृष्टी आपल्या शास्त्रात आहे, आणि तीच असताना मी तो सल्ला दिला, ही खंत आहे. तिळाच्या तेलात ड जीवनसत्त्व नाही. अभ्यंग अवश्य करावा, पण तो त्याची जागा घेत नाही. प्रवाळ, शंख, मुक्ताशुक्ती यांच्या भस्मांतून कॅल्शियम मिळते; ते आतड्यात नीट शोषले जाण्यास मात्र ड जीवनसत्त्वच लागते.

अतिमात्राही घातक आहे. फिनलंडमध्ये १९५० च्या दशकात शिशूंना रोज ४००० ते ५००० आय.यू. देण्याची शिफारस होती. ती १९६४ मध्ये २०००, १९७५ मध्ये १००० व १९९२ मध्ये ४०० वर आणली गेली. पुढे तेथेच ४०० व १२०० आय.यू.ची तुलना झाली. २०१८ च्या निष्कर्षांनुसार अधिक मात्रेने दोन वर्षे वयापर्यंत अस्थिबलात काहीही भर पडली नाही.

औषधविक्रेत्या बांधवांनी एक गोष्ट जरूर पाहावी. आपल्याकडे मिळणाऱ्या थेंबांत बहुधा एका मिलिलिटरला ४०० किंवा ८०० आय.यू. असतात, कॅनडात एका थेंबातच ४०० असणारी बाटलीही मिळते. येथील सवयीने तेथे मिलिलिटर मोजला तर अनर्थ होईल. प्रौढांची ६०,००० आय.यू.ची पुडी तर शिशूसाठी कदापि देऊ नये. हल्ली प्रवासास निघालेल्या आजींच्या चिठ्ठीवर तेलाच्या खाली मी एक ओळ लिहितो: ‘तेथील डॉक्टरांनी दिलेला ड जीवनसत्त्वाचा थेंब बंद करू नये; बाळंतिणीस किती द्यावे, हेही त्यांनाच विचारावे.’