नादारी आणि बँकेतील खाते

देणे आवाक्याबाहेर गेले, की न्यायालयात नादारीचा अर्ज करावा. बँकेतील शिल्लक मात्र आपलीच राहील, असा समज अनेकदा आढळतो. हा समज चुकीचा आहे.

मुंबई शहरासाठी १९०९ चा, तर उर्वरित राज्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम आहे. २०१६ च्या संहितेतील व्यक्तिविषयक तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांना लागू झाल्या. इतरांसाठी जुनेच कायदे आहेत.

शिल्लक कोणाची?

१९२० च्या अधिनियमानुसार देणे फेडण्यास असमर्थ असलेल्या आणि किमान ५०० रुपये देणे असलेल्या ऋणकोस अर्ज करता येतो. मालमत्ता, येणी-देणी व हिशेबाच्या वह्या त्याने न्यायालयापुढे ठेवावयाच्या असतात. कपटाने काही दडविल्यास शिक्षा होऊ शकते.

नादारीचा आदेश होताच खात्यातील शिल्लक धरून त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते व धनकोंमध्ये वाटपास पात्र ठरते. आदेशाचा अंमल अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. बँकच धनको असेल, तर परस्पर व्यवहारांची वजावट होऊन उरलेल्या रकमेचाच हिशेब होतो. विमुक्तीचा आदेश मिळेपर्यंत नव्याने आलेली मालमत्ताही रिसीव्हरकडे जाते.

शिल्लक वाचविण्यासाठी ती पत्नीच्या किंवा भावाच्या नावे करणेही व्यर्थ ठरते. मोबदल्याविना केलेले असे हस्तांतरण अर्जापूर्वीच्या दोन वर्षांतील असल्यास न्यायालय ते रद्द ठरवू शकते. पत्नीची स्वकष्टार्जित रक्कम मात्र तिचीच राहते.

काय वाचते?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये जप्तीतून वगळलेली मालमत्ता नादाराकडेच राहते. शेतीची अवजारे, आवश्यक बैल व बियाणे, कारागिराची हत्यारे, सरकारी निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा त्यात समावेश होतो. सर्वसाधारण बचत खात्याला तसे संरक्षण नाही.

लोकप्रतिनिधींनी ध्यानात ठेवावे

नादार ठरलेल्या व्यक्तीस स्थानिक संस्थेचा सदस्य म्हणून निवडून येता येत नाही, की सभेत बसून मतदान करता येत नाही. त्यामुळे अर्जाचा परिणाम केवळ खात्यापुरता राहत नाही.

म्हणूनच अर्जापूर्वी बँकेशी हप्त्यांच्या फेररचनेविषयी बोलावे आणि तालुका विधी सेवा समितीचा सल्ला घ्यावा. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे विनामूल्य विधी साहाय्य मिळते. नादारी हा देणे चुकविण्याचा मार्ग नसून, हताश ऋणकोस प्रामाणिक हिशेबानंतर नव्याने उभे राहण्याची संधी आहे. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी ही गोष्ट गावकऱ्यांना वेळीच समजावून दिली, तर अनेक कुटुंबांचे नुकसान टळेल.