कॅमेऱ्याचं काम वायफायवाल्याकडे कसं गेलं?

प्रश्न : दुकानात कॅमेरे बसवायचे होते, तर आला कोण? घरी वायफाय लावून गेलेला पोरगाच! राखणदारी आणि टेलिफोन हे वेगवेगळे धंदे होते ना?
– एक दुकानदार, मूर्तिजापूर

उत्तर : होते. पण रेल्वेच्या गावात राहून तुम्हाला याचं नवल वाटावं, याचंच नवल! रेल्वेत सिग्नल आणि दूरसंचार एकाच खात्याकडे असतात. पुढची लाइन मोकळी आहे की नाही, हे स्टेशनमास्तरला तारेवरूनच तर कळायचं. स्टेशनांवर कॅमेरे लावायची वेळ आली तेव्हाही रेल्वेने ते काम रेलटेलला दिलं. ही कंपनी २००० साली निघाली ती रुळांकडेने ऑप्टिकल फायबरचं जाळं विणायला.

बदलला तो कॅमेरा. जुन्या कॅमेऱ्याची कोअॅक्स वायर डीव्हीआरच्या पेटीत जायची आणि चित्र तिथेच संपायचं. हे काम इलेक्ट्रिशियनही करायचा. आताच्या आयपी कॅमेऱ्याला कॉम्प्युटरसारखा नेटवर्कवरचा पत्ता असतो. एकाच कॅट-सिक्स केबलमधून त्याला वीज मिळते आणि चित्रही बाहेर पडतं, शंभर मीटरपर्यंत. साहजिकच ज्याला राऊटर कळतो, त्याचंच हे काम झालं. कित्येक एटीएमवरचा रात्रीचा गार्ड गेला तोही यामुळेच. आता दूरच्या शहरातला माणूस पडद्यावर बघतो आणि स्पीकरवरून हटकतो. एअरटेलनेही २०२२ मध्ये घरगुती कॅमेऱ्यांची सेवा काढली.

आता तुमच्या दुकानाचं. सगळं रेकॉर्डिंग ‘क्लाउड’वर टाकू म्हणाला, तर आधी हिशेब मांडा. दोन मेगापिक्सलचा कॅमेरा सेकंदाला साधारण दोन मेगाबिट खातो, म्हणजे दिवसाला एकवीस-बावीस जीबी. चार कॅमेऱ्यांचे ऐंशीच्या वर! त्यापेक्षा रेकॉर्डिंग दुकानातल्याच हार्ड डिस्कवर ठेवा, मोबाईलवर फक्त थेट चित्र बघा. आणि इन्व्हर्टरवर कॅमेऱ्यांबरोबर राऊटरही घ्या. लाइन गेली की मोबाईलवरचं चित्र जातं ते बहुधा राऊटर बंद पडल्यामुळे, आणि लोक शिव्या कॅमेऱ्याला देतात.

धोकाही वायरीतूनच येतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यांच्याच माऱ्याने अमेरिकेत ट्विटरसारख्या साइट काही तास कोलमडल्या. मालकांना पत्ताही नव्हता.

तेव्हा पोरगा दुकानातून निघण्याआधी पासवर्ड स्वतःच्या हाताने बदला. आणि कॅमेरा घेताना एसटीक्यूसी या सरकारी चाचणी-यंत्रणेच्या प्रमाणपत्राची चौकशी करा. एप्रिल २०२५ पासून सरकारने सीसीटीव्हीसाठी सुरक्षा-चाचणीचे नियम बंधनकारक केले आहेत.