अजिंठ्याच्या जळालेल्या प्रतिकृती
(द्वितीय वर्ष बी. ए.)

गेल्या हिवाळ्यात आमच्या इतिहास विभागाची सहल अजिंठ्याला गेली होती. सहलीचे पैसे मागताना मी घरी सांगितले, की तिथे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रे आहेत आणि ती उतरवून घेण्यासाठी देशोदेशीचे चित्रकार येऊन राहिले होते. माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत. त्यांनी पैसे काढून दिले, पण विचारले, "दुसऱ्यानं काढलेलं चित्र परत काढून मिळतं काय? आमची गोणी एकदा उतरली की काम झालेलं दिसतं तरी." मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वाघोरा नदीच्या वळणावर कोरलेली आहेत. त्यांतील काही इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातील, तर बरीचशी पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील आहेत. त्यानंतर ती झाडीत दडून राहिली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला आणि बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले आहे.

ही चित्रे कशावर काढली आहेत हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. खडकाच्या खडबडीत भिंतीवर माती, भुसा व गवताचे तंतू मिसळून गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर रंग भरले. म्हणजे आपल्या गावाकडच्या कुडाच्या भिंतीचीच ही सुधारलेली जात म्हणावी लागेल. अशी भिंत ओल धरते, फुगते, सुटते. वटवाघळे, पावसाळ्यातील दमट हवा आणि पाहायला येणाऱ्यांचे श्वास यांनी ती दिवसेंदिवस झिजते. चित्रे वाचवावीत म्हणून १९२० ते १९२२ च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले गेले. परंतु त्यांनी लावलेले रोगणच पुढे काळवंडले. म्हणून चित्रे आहेत तोवर त्यांची नक्कल करून ठेवावी, हा विचार अनेकांच्या मनात आला.

पहिला मोठा प्रयत्न रॉबर्ट गिल याचा. मद्रास लष्करातील या अधिकाऱ्याने १८४४ पासून पुढची कित्येक वर्षे अजिंठ्यात राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर चित्रे उतरविली. ती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि बहुतेक सर्व जळाली.

मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी काम हाती घेतले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन सुमारे तीनशे चित्रे तयार केली. हे विद्यार्थी आपल्याच वयाचे, आपल्याच मुंबईत शिकणारे होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ही चित्रेही लंडनला गेली आणि १८८५ च्या आगीत त्यांतील पुष्कळशी नष्ट झाली. १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासारखे तरुण चित्रकार होते.

यानंतर येतात जपानी चित्रकार अराई कांपो. त्यांचा जन्म १८७८ चा. १९१६ साली रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले असता त्यांनी कांपोंचे काम पाहिले आणि त्यांना भारतात येण्याचे आमंत्रण दिले. कांपो कोलकात्याला आले, जोडासाँकोच्या ठाकूरवाड्यात त्यांनी जपानी कुंचल्याचे तंत्र शिकविले आणि नंदलालांशी त्यांचा स्नेह जुळला. पुढे १९१७-१८ च्या हिवाळ्यात ते आपल्या देशबांधवांच्या छोट्या गटासह अजिंठ्याला आले. 'कोक्का' या जपानी कलाविषयक नियतकालिकाने हे काम त्यांच्यावर सोपविले होते.

ज्या देशातून बौद्ध धर्म चीन व कोरियामार्गे आपल्याकडे आला, त्या देशातील चित्रे एक जपानी माणूस कंदिलाएवढ्या उजेडात रेघ-रेघ करून उतरवीत होता. देवाणघेवाण या शब्दाचा अर्थ मला येथे कळला. कोलकात्यात कांपो गुरू होते. अजिंठ्याच्या भिंतीसमोर ते विद्यार्थी झाले.

जपानी चित्रकारांत नक्कल करण्याची एक जुनी पद्धत आहे. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवतात आणि त्याचे एक टोक गुंडाळीसारखे वर करून खालचे चित्र पाहतात. कागद खाली येताच डोळ्यांत जी रेघ क्षणभर उरते, तीच कागदावर उतरवतात. पुन्हा वर करतात, पुन्हा पाहतात. येथे नुसते गिरवणे नसते. मधला तो एक क्षण चित्र कुठेच नसते, ते फक्त पाहणाऱ्याच्या मनात असते.

कांपोंच्या गटाने केलेल्या प्रतिकृती तोक्योच्या शाही विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी जपानमध्ये महाभयंकर भूकंप झाला. त्यात आणि मागोमाग लागलेल्या आगींत लाखावर माणसे मृत्युमुखी पडली. अजिंठ्याच्या प्रतिकृतीही त्या आगीत गेल्या. गिल, ग्रिफिथ्स, कांपो: तिघांच्याही कामाच्या वाट्याला आगच आली आणि मातीच्या भिंतीवरचे मूळ मात्र उरले.

आता याच्या उलट गोष्ट पाहू. जपानमधील नारा प्रांतात होर्यूजी नावाचे प्राचीन बौद्ध मंदिर आहे. त्याच्या मुख्य सभागृहाच्या भिंतींवर तेराशे वर्षांपूर्वीची चित्रे होती. त्यांतील बोधिसत्त्वाचे अजिंठ्यातील बोधिसत्त्वाशी असलेले साम्य अभ्यासक फार पूर्वीपासून दाखवीत आले आहेत. १९४० साली त्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा निवडलेल्या प्रमुख चित्रकारांत अराई कांपो होते. अजिंठ्याचे कागद जळून गेले होते, पण अजिंठ्याने शिकविलेला हात त्यांच्याजवळ होता. १९४५ साली, ते काम पुरे होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

२६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे, प्रतिकृतींचे काम चालू असतानाच, होर्यूजीच्या त्या सभागृहाला आग लागली आणि मूळ चित्रे करपून गेली. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला आपण प्रजासत्ताक दिन साजरा केला. जपानमध्ये ही तारीख जुन्या वास्तू आगीपासून वाचविण्याचा दिवस म्हणून पाळली जाते. १९५० साली तेथे सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. पुढे १९३५ साली घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे चित्रकारांनी सर्व चित्रे पुन्हा रंगविली आणि १९६८ साली ती सभागृहात बसविली. आज भाविक पाहतात ती नक्कलच होय.

अजिंठ्यात मूळ राहिले, नकला जळाल्या. होर्यूजीत मूळ जळाले, नक्कल राहिली. कोणते टिकेल हे नक्कल करणाऱ्याला आधी कधीच माहीत नसते. बौद्ध विचारात याला अनित्यता म्हणतात; जपानी भाषेत 'मुजो'. पण अनित्यता म्हणजे हात जोडून बसणे नव्हे, असे मला जपानकडे पाहून वाटते. तेथील इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधतात. २०१३ साली ते असे बांधले गेले. जुन्या सुतारांच्या हाताखाली नवे सुतार तयार होतात. लाकूड बदलते, कसब पुढे जाते.

हे सारे वाचताना मला माझ्याच घरातली एक वही आठवत होती. माझी आजी पाटण तालुक्यातली. तिला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. आठवीच्या सुट्टीत मी तिच्याजवळ बसून साठ-सत्तर ओव्या एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. आमच्या घरात वाचता येणारी मी पहिली पिढी. म्हणून ती वही म्हणजे आमच्या घराचे पहिले पुस्तक, असे मी मैत्रिणींना सांगत असे. एका पावसाळ्यात इमारतीचे छत गळले, माळ्यावरच्या पेटीत पाणी गेले आणि वहीचा लगदा झाला. मी दोन दिवस रडले. आजी म्हणाली, "अगं, वही भिजली, पर लिहिणारी पोरगी तर भिजली न्हाई न्हवं? लिही की परत." अभ्यासाच्या नावाखाली मी ते पुढे ढकलीत राहिले.

अजिंठ्याहून परत आल्यावर मी नवी वही आणली. पण आता आजीचे विस्मरण वाढले आहे. एखादी ओवी अर्ध्यावर थांबते आणि ती खिडकीबाहेर पाहत राहते. गंमत अशी, की कधी कधी पुढचा अर्धा भाग मलाच आठवतो, कारण तो मी एकदा हाताने लिहिलेला असतो. मी म्हणते, आजी मान डोलावते, आणि ओवी पुरी होते. आजवर एकवीस ओव्या झाल्या आहेत. साठ-सत्तर होणार नाहीत, हे मला कळून चुकले आहे. हात शिकलेला असला तरी सगळे परत येत नाही. शिवाय हातही कायमचा नसतो. म्हणूनच एकाने केलेली नक्कल पुरत नाही. ती पुन्हा पुन्हा आणि अनेकांनी करावी लागते.

वडिलांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या जपानी माणसाला ठाऊक असतं जळणार म्हणून, तर आला असता का तो?" मी म्हटले, "आला असता असं वाटतं, अण्णा." ते काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर मात्र ते आजीच्या खाटेजवळ येऊन बसले. त्यांच्या लहानपणी पहाटे कानावर पडलेली एक ओवी त्यांना आठवली होती. आजीला ती आठवत नव्हती. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. ती बाविसावी.