चट्टा दिसला तर लपवू नका

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एक शेतमजूर बाई हातावरचा फिकट चट्टा दाखवायला माझ्याकडे आल्या. मी खुर्चीतून न उठता, दुरूनच पाहून म्हणालो, "कुष्ठरोग वाटतो, सरकारी दवाखान्यात जा." बाहेरच्या रुग्णांनीही ते ऐकले. लाजेने त्या कुठेच गेल्या नाहीत. दोन वर्षांनी आल्या तेव्हा दोन बोटे वाकडी झाली होती. औषध तेव्हाही मोफत होते. आड आले ते माझे वागणे.

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, पापामुळे नव्हे. रुग्णाला हात लावल्याने तो होत नाही. उपचार सुरू झाले की संसर्गाचा धोका लवकरच संपतो. चट्टे किती आहेत त्याप्रमाणे ६ किंवा १२ महिने नियमित गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. मात्र उशीर झाल्यास नसांना झालेली इजा पूर्ण भरून येईलच असे नाही.

चट्टा बधिर आहे का, हे कापूस टेकवून पाहावे लागते. दूर राहणाऱ्या डॉक्टराला निदान तरी कसे जमणार?

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. कुष्ठरोग्यांपर्यंत उपचार पोचले ते अशा ओळखीच्या माणसांमुळे.

फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. डॉक्टर दुरूनच बोलले, तर "हात लावून तपासा" असे नि:संकोच सांगा. तो तुमचा हक्क आहे.