‘डबल करंट’ची कॉईल विकत घेण्याआधी

‘इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नसते.’ सोलापूरच्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात भिंतीवर ही पाटी आहे आणि मालकाच्या तोंडीही हेच एक वाक्य आहे. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे. पण जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शिवाय आमच्या धाराशिव जिल्ह्यात घरच्या अंगणात स्वतःच्या हाताने गाडीचं काम करणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांना हे कळलंच पाहिजे.

गाडी २०१२ची पेट्रोल स्विफ्ट, एमएच २५. चारपैकी एक इग्निशन कॉईल उन्हाळ्यात दगा देऊ लागली होती, म्हणजे बदलायची होती ती एकच. इथे ती लगेच मिळेना, म्हणून सोलापूर गाठलं. जुनी कॉईल दाखवून मी म्हणालो, “अशीच ओरिजिनल द्या.” मालकाने ती हातातसुद्धा घेतली नाही. “दादा, एक कशाला बदलता? हा हाय परफॉर्मन्स सेट टाका. करंट डबल पडतो. पिकअप बघा, अ‍ॅव्हरेज बघा. आता ई-२० पेट्रोल आलंय, त्याला कंपनीची कॉईल पुरतच नाही.” सेट ओरिजिनलपेक्षा महाग होता. लाल-काळं चकचकीत खोकं, त्यावर विजेचं चित्र आणि साठ हजार व्होल्टचा आकडा. मी विचारलं, “माझ्या गाडीला चालेल ना?” तो म्हणाला, “लिहून देतो.” लिहून काहीच दिलं नाही. पक्कं बिल मागितलं, तर “जीएसटी वरून लागेल” म्हणाला. मी द्यायला तयार होतो, तेव्हा “बिलबुक संपलंय, परत आलात की घ्या” हे उत्तर. पैसे मी मोबाइलवरून दिले. आज तोच एक पुरावा माझ्या हातात आहे.

बसवण्यात माझ्याकडून काही राहिलं नाही, आणि हे मी ठासून सांगतो, कारण पुढे सगळं खापर माझ्याच डोक्यावर फोडलं गेलं. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ प्लगच्या खड्ड्यात साठते. कॉईल उपसली की ती प्लगभोवती बसते आणि प्लग काढताच सरळ सिलिंडरमध्ये उतरते, म्हणून आधी हवा मारून खड्डे साफ केले. कपलरचं लॉक उन्हाने आणि इंजिनच्या तापाने ठिसूळ झालेलं असतं. ते स्क्रू-ड्रायव्हरने न उचकटता अंगठ्याने दाबून सोडवलं. कॉईल सरळ ओढली तर रबराचा बूट आतच तुटून राहतो, म्हणून आधी थोडी फिरवून मग वर घेतली. खड्ड्यात तेल आहे का तेही पाहिलं. असतं, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं असं समजायचं आणि ते बदलल्याशिवाय नवी कॉईल घालायची नाही. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरून गळते आहे हे ओळखायचं. तशी रेघ नव्हती. बुटाच्या आत डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात, दहाच्या पान्याने बोल्ट बेताने आवळलेले. गॅरेजमध्ये यापेक्षा नीट काम झालं असतं असं मला वाटत नाही.

सुरुवातीला गाडी छान चालली. एक खराब कॉईल गेली आणि तिच्या जागी चालू कॉईल आली की कुठलीही गाडी छान चालते. अशा ‘अपग्रेड’ची निम्मी कीर्ती यातूनच जन्माला येते आणि लोक ती खऱ्या मनाने एकमेकांना सांगत सुटतात.

मग आईला घेऊन सोलापूरहून तुळजापूरला निघालो. भर दुपार, एसी चालू. तामलवाडी मागे पडली आणि घाट चढताना गाडीने धक्के मारायला सुरुवात केली. पिकअप पडला, पाठोपाठ चेक लाइट लुकलुकू लागला. हा दिवा स्थिर पेटला तर गाडी दाखवायला वेळ असतो. लुकलुकला तर मात्र अ‍ॅक्सिलरेटर ताबडतोब सोडायचा. सिलिंडरमध्ये न पेटलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि त्या तापाने आतली जाळी वितळते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंचा थर असतो. ती गेली की कॉईलचा खर्च किरकोळ वाटावा असं बिल येतं. “तसंच दामटू, वर पोचलो की बघू” असं घाटात कुणी म्हणालं, तर ऐकू नका. आई म्हणाली, “देवी कुठं जात नाही, तू आधी गाडी बाजूला घे.” मी घेतली.

मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर डिकीत होता. कोड आला पी०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग. इंजिन निवल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या कॉईल एकमेकींच्या जागी घातल्या, कोड पुसला आणि चालू केली. काही वेळ ठीक चालली. ताप चढला, पुन्हा धक्के, आणि आता कोड पी०३०४. कॉईल हलली, तिच्याबरोबर दोषही हलला. म्हणजे प्लग बरोबर, वायरिंग बरोबर, इंजेक्टर बरोबर, माझे हातही बरोबर. वाईट होती ती नवी कोरी, महागडी, साठ हजार व्होल्टची कॉईल. जुन्यातल्या तीन चांगल्या कॉईल मी फेकल्या नव्हत्या. त्या बसवल्या, चौथ्या जागी नव्यातली बरी चालणारी ठेवली आणि आम्ही वर पोचलो.

ही अदलाबदलीची युक्ती लक्षात ठेवा, तिला एक पैसा लागत नाही. पुष्कळ जण सांगतात की मल्टिमीटर लावून कॉईलचा रोध मोजा. दोन पिनांच्या जुन्या कॉईलला ते ठीक आहे. माझ्या गाडीच्या कॉईलला तीन पिना आहेत. बॅटरीचा प्लस, अर्थ आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सिग्नल, आणि करंट तोडणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट कॉईलच्या पोटातच. तिथे बाहेरून मीटर लावून येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.

आता त्या ‘डबल करंट’विषयी. कॉईल म्हणजे छोटा ट्रान्सफॉर्मर. आत जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो. ईसीयू काही मिलिसेकंद जाड तारेतून करंट सोडतो आणि एकदम तोडतो. तो तुटताना बारीक तारेत व्होल्टेज चढत जातं. प्लगच्या साधारण एक मिलिमीटर गॅपला ठिणगीसाठी जेवढं लागतं तेवढं झालं की ठिणगी पडते, आणि चढणं तिथेच थांबतं. कंपनीच्या साध्या इंजिनात ती गरज दहा-वीस हजार व्होल्टच्या आसपास असते. खोक्यावर साठ हजार छापलेलं असलं तरी गॅपने मागितलंच नाही ते येणार कुठून? बोअरला पाणी दोन इंचच असेल, तर पाचऐवजी दहा एचपीची मोटर सोडून पाणी वाढत नाही, मोटर मात्र जळते. इथे तसंच झालं. आत तार जाड करून किंवा वेढे कमी करून रोध घटवला की ईसीयूने दिलेल्या तेवढ्याच वेळात कॉईल जास्त करंट ओढते, आणि तो जास्तीचा करंट ठिणगीत न जाता तापात जातो. थंड असताना ठीक आणि घाटात मिसिंग, याचं कारण हे. सिलिंडरमधलं मिश्रण नीट पेटत असेल, तर मोठ्या ठिणगीने ते आणखी पेटत नाही. ताकदही वाढत नाही, अ‍ॅव्हरेजही नाही.

ई-२०चं म्हणाल, तर त्यात मिसळलेल्या इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. अ‍ॅव्हरेज थोडं पडतं ते त्यामुळे. तेलातच नसलेली ऊर्जा कुठलीही कॉईल आणून देऊ शकत नाही. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल पंपावर येतं, म्हणून आपल्या माणसांना त्याची धास्ती घालून माल खपवायचा, याचा मला विशेष राग आहे.

जुन्या मिस्त्रींना मी खोटं म्हणणार नाही. ते ज्या फियाटवर शिकले, त्या प्रीमियर पद्मिनीत एकच कॉईल, डिस्ट्रिब्युटर आणि सीबी पॉइंट होते. चार्ल्स केटरिंगने १९१०च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅकसाठी बसवलेली पद्धत हीच. पॉइंट जळू नयेत म्हणून करंट मर्यादित ठेवावा लागे. गाडी पळू लागली की पॉइंट मिटून राहण्याचा वेळ घटे आणि ठिणगी मंदावे. तिथे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि तगडी कॉईल टाकली की फरक खरोखर कळायचा. आजही टर्बोचा दाब वाढवलेल्या किंवा शर्यतीसाठी बांधलेल्या इंजिनाला तगडी कॉईल लागते, पण तिथे ईसीयूतली वेळही तिच्या मापाने बदललेली असते. सीएनजीवाल्यांचं थोडं वेगळं आहे. गॅसच्या मिश्रणाला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अशक्त कॉईल आधी गॅसवर उघडी पडते. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग असेल, तर पहिल्यांदा प्लग बदला आणि गॅप किटवाल्याने सांगितलेल्या मापाने कमी ठेवा. कॉईलचा नंबर त्यानंतर.

परत दुकानात गेलो तो प्रसंग अजून डोळ्यापुढून जात नाही. मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाला ब्रेक शू दाखवत होता. मी कॉईल, खोकं आणि मोबाइलवरचे दोन्ही कोड काउंटरवर ठेवले. त्याने मान वर न करता विचारलं, “बसवली कुणी?” मी म्हणालो, “मी.” “मग संपलं. मेकॅनिककडून बसवली असती तर बघितलं असतं.” दोष कॉईलबरोबर हलतो हे मी समजावून सांगितलं. त्याचं उत्तर, “तुमच्या गाडीचं वायरिंग खराब असणार.” मी म्हणालो, तुमच्या ओळखीच्या कुठल्याही गॅरेजात चला, तिथल्या गाडीवर लावून बघू. तो भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून पुन्हा ब्रेक शूकडे वळला. तेवढ्यात माझं लक्ष मागच्या रॅककडे गेलं. एक पोरगं खाली बसून पांढऱ्या, काही न छापलेल्या खोक्यातल्या कॉईल लाल-काळ्या खोक्यांत भरत होतं. मालकाने मला बघताना बघितलं आणि पोराला चहा आणायला पिटाळलं. त्या क्षणी मला कळलं की या माणसाला आपण काय विकतो ते पक्कं माहीत आहे. कॉईल खराब निघाली याचं दुःख मी गिळलं असतं. माझ्या कामाला नावं ठेवून मला बाहेर काढलं, ते मी विसरणार नाही.

म्हणून सांगतो. पार्ट नंबर जुळवून कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच कॉईल घ्या, चार दिवस थांबावं लागलं तरी थांबा. एक गेली असेल तर एकच बदला. चारही बदलायला सांगणाऱ्याला कारण विचारा. पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या लाल खोक्यावर पत्ता नव्हता. घासाघीस करा, पण बिलावर नको. काढलेले चालू पार्ट जपून ठेवा. चांगली हत्यारं घ्या. घाई करू नका. गोड बोलणाऱ्यापासून जपून राहा.

आणि ती पाटी म्हणजे कायदा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. दुकान सोलापुरात असलं तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद घालता येते. मी दोन्ही केलं आहे. दुकानदाराने मध्यंतरी निरोप पाठवला, “दुसरा सेट घेऊन जा आणि विषय मिटवा.” मला दुसरा सेट नको. पैसे परत आणि लेखी कबुली हवी.

जिल्ह्यात कुणी असाच लाल-काळा सेट घेतला असेल आणि तो तापल्यावर मिसिंग करत असेल, तर खोकं फेकू नका. पैसे दिल्याचा मेसेज पुसू नका. स्कॅनरवर कोड आला की त्याचा तारखेसकट फोटो काढून ठेवा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, ती जाऊ देऊ नका.